गाडी लागते त्यांच्यासाठी: घाट सुरू होण्याआधी करायच्या गोष्टी

ज्यांना गाडी लागते त्यांना घरची मंडळी दोन सल्ले हमखास देतात. निघताना काही खाऊ नकोस, आणि मळमळायला लागलं तर गोळी घे. हे दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. रिकाम्या पोटी त्रास वाढतो, आणि मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बहुतेक वेळा वाया जाते. आलेपाक, लिंबू, गोळी, मनगटाचा पट्टा असे कितीतरी उपाय लोक सांगतात. त्यांतला कुठला कितपत उपयोगी आहे आणि तो कधी करायचा, हे पहिल्यांदाच लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांसाठी आणि लहान मुलांना घेऊन गावी जाणाऱ्यांसाठी क्रमाने लिहितो आहे.

आधी कारण समजून घ्या

आपल्या कानाच्या आतल्या भागात द्रव भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. डोकं वळलं की नळी फिरते, पण आतला द्रव क्षणभर मागे राहतो, पाण्याने भरलेला तांब्या गर्रकन फिरवला की आतलं पाणी राहतं तसा. त्यावरून मेंदूला वळल्याचं कळतं. घाटात कान सांगतो, आपण डावीकडे वळतोय, आता उजवीकडे, आता ब्रेक लागला. डोळे मात्र मोबाइलवर किंवा पुढच्या सीटच्या पाठीवर असतात आणि ते सांगतात, सगळं स्थिर आहे. दोन खबरा जुळल्या नाहीत की मेंदूचा गोंधळ उडतो आणि तो पोटावर निघतो. चालकाला गाडी सहसा लागत नाही, कारण वळण येण्याआधीच ते त्याला दिसलेलं असतं आणि वळवणारे हातही त्याचेच असतात.

सगळ्या हालचाली सारख्या त्रासाच्या नसतात. सर्वांत वाईट ती संथ हेलकाव्यांची, साधारण पाच सेकंदांना एक झोका या गतीची. समुद्राच्या लांब लाटा आणि घाटातली एकापाठोपाठ एक येणारी वळणं नेमकी याच्या आसपास असतात. खड्ड्यांच्या रस्त्याने कंबर मोडते, पण गाडी लागते ती वळणांनी. म्हणून सपाटीवरच्या खराब रस्त्याला ठणठणीत राहणारा माणूस पसरणीच्या गुळगुळीत घाटात पांढराफटक पडतो.

दोन वर्षांखालच्या बाळांना हा त्रास क्वचित होतो. दोन ते बारा या वयात तो सर्वांत जास्त असतो आणि पुढे बहुतेकांचा कमी होत जातो. मोठेपणी अर्धशिशी असणाऱ्यांना, गरोदर बायकांना आणि पाळीच्या दिवसांत तो जास्त जाणवतो. यात भित्रेपणा नाही आणि नखरेही नाहीत. मुलाला "तुझं नेहमीचंच" म्हणून दटावू नका. धास्तीने मळमळ वाढते.

पहिली पायरी: रस्ता आणि वेळ

शक्य असेल तिथे वळणंच टाळा. पुण्या-मुंबईहून कोकणात जायचं तर कोकण रेल्वेचं तिकीट मिळतंय का ते आधी बघा. रेल्वेची वळणं मोठ्या त्रिज्येची असतात, त्यामुळे एसटीत हैराण होणारी माणसंही गाडीत निवांत जेवतात. मुंबई-गोवा महामार्गावर कशेडीला आता बोगदा आहे, जुनी घाटवळणं टळतात. कोल्हापूरकडून खाली उतरायला आंबा, करूळ, फोंडा असे पर्याय आहेत. कराडहून चिपळूणला कुंभार्ली, पोलादपूरहून महाबळेश्वरला आंबेनळी. आपल्याला कुठल्या घाटात जास्त त्रास होतो हे एकदा कळलं की वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी थोडा लांबचा पण सरळ रस्ता धरा. अर्धा तास जास्त गेला तरी चालेल.

रात्रीच्या प्रवासाबद्दल दोन मतं आहेत. झोप लागली तर रात्र उत्तम, कारण मिटलेले डोळे कानाशी भांडत नाहीत. पण जागं राहून काळोखात बसलात तर बाहेरचं काहीच दिसत नाही आणि त्रास दिवसापेक्षा जास्त होतो. प्रवासात ज्याला झोपच येत नाही त्याने सकाळची गाडी घ्यावी.

दुसरी पायरी: जागा

माझ्या मते सगळ्या उपायांत हा पहिल्या क्रमांकाचा. फुकट आहे, गुंगी येत नाही आणि सगळ्या वयांना चालतो.

एसटीत पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली, शक्यतो पुढच्या बाजूची खिडकीची जागा घ्या. मागच्या चाकांच्या पलीकडच्या रांगा टाळा. बसचा तो भाग वळणावर सर्वांत जास्त फेकला जातो आणि डिझेलचा वासही तिथेच जास्त येतो. वातानुकूलित बसच्या खिडक्या उघडत नाहीत, म्हणून तिथे पहिल्या दोन-तीन रांगांतून समोरची काच दिसेल अशी जागा आरक्षणाच्या वेळीच निवडा. शेवटी उरलेली जागा घेऊन मग उपाय शोधणं कठीण जातं.

चारचाकीत पुढची सीट. लहान मुलांना पुढे बसवता येत नाही. त्यांना मागे मधोमध, त्यांच्या वयाच्या सीटवर पट्टा लावून बसवा, म्हणजे दोन सीटांमधून रस्ता दिसतो. उंची कमी असेल तर मुलाला फक्त दरवाजा आणि आभाळ दिसतं. त्यासाठी उंच बैठक उपयोगाची. रेल्वेत गाडी जाते त्या दिशेला तोंड करून बसा. विस्टाडोम म्हणजे मोठ्या काचांच्या डब्यातल्या खुर्च्या फिरवता येतात, तिथे मुलं हौसेने उलटं तोंड करून बसतात आणि खंडाळ्यापर्यंत गप्प होतात. विमानात पंखांजवळची जागा सर्वांत कमी हलते.

गाडी चालवणाऱ्यालाही काही सांगायचं आहे. मागे बसलेल्यांची निम्मी तब्येत तुमच्या हातात असते. वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात ब्रेक मारू नका, खालच्या गिअरमध्ये एकसारखी चढवा. इलेक्ट्रिक गाडीत पाय उचलला की गाडी आपोआप ओढल्यासारखी मंदावते. त्या धरसोडीने, एरवी कधी गाडी न लागणाऱ्यांनाही मळमळतं. घाटात ही आपोआप मंदावण्याची सोय (रीजनरेटिव्ह ब्रेकिंग) सर्वांत कमी पातळीवर ठेवा. डॅशबोर्डवरची सुगंधी डबी निघण्याआधी काढून घरात ठेवा. चंदन, मोगरा, काहीही असो, बंद गाडीतला उग्र वास मळमळ वाढवतो.

तिसरी पायरी: डोळे आणि मान

मोबाइल, पुस्तक, पत्ते, विणकाम, सगळं बंद. मेसेज वाचायला दोन मिनिटं मान खाली घातली तरी पुढचा अर्धा तास बिघडतो. नजर लांब, रस्ता जिथे वळतो तिथे किंवा क्षितिजावर ठेवा. जवळून पळणारी झाडं आणि कठडे बघू नका. डोकं मागे टेकवून स्थिर ठेवा, कारण मान हलली की कानातला द्रव पुन्हा ढवळतो. लांबचं बघता येत नसेल तर सरळ डोळे मिटा.

मुलांना टॅबवर सिनेमा लावून देणं ही आजकालची मोठी चूक आहे. पोर शांत बसतं म्हणून आपल्याला बरं वाटतं, आणि मग ते अचानक ओकतं. त्याऐवजी गोष्टी ऐकवा, भेंड्या लावा, पुढचं वळण डावीकडचं की उजवीकडचं हे ओळखायला सांगा. या शेवटच्या खेळात नकळत उपचार होतो, कारण चालकासारखं वळणाचा आधी अंदाज घेणं मेंदूला जमायला लागतं.

चौथी पायरी: पोट

निघण्याच्या तास-दीड तास आधी थोडं, कोरडं आणि बिनतेलाचं खा. भाकरीचा तुकडा, इडली, केळं, राजगिऱ्याचा लाडू, ज्वारीच्या लाह्या यांतलं काहीही चालेल. मिसळ, वडे, तुपाचा शिरा, मोठा पेलाभर दूध हे त्या दिवशी नको. घाटाच्या पायथ्याशी गाडी थांबली की गरम भजीचा वास सुटतो आणि सगळे उतरतात. तुम्हीही उतरा, हवा खा, दोन पावलं चाला, पण भजी घाट ओलांडल्यावर. पाणी घोट घोट पीत राहा. आदल्या रात्री दारू घेतली असेल तर दुसऱ्या दिवशीचा घाट जड जाणार हे धरून चाला.

पाचवी पायरी: गोळी, आणि तिची वेळ

नेहमी त्रास होत असेल तर गोळी घेण्यात कमीपणा नाही. फक्त ती त्रास सुरू होण्याआधी पोटात जायला हवी. मळमळ सुरू झाली की जठराचं काम मंदावतं, गोळी तिथेच पडून राहते किंवा ओकारीबरोबर बाहेर येते.

आपल्याकडे घराघरांत ठाऊक असलेली गोळी म्हणजे ॲव्होमिन. तिच्यात प्रोमेथॅझिन असतं. लांबच्या प्रवासाला मोठ्या माणसाने आदल्या रात्री झोपताना, जवळच्या प्रवासाला एक-दोन तास आधी. काम चोख करते, पण गुंगी चांगलीच आणते. सावंतवाडीला उतरून लगेच आरतीला उभं राहायचं असेल तर ही गोळी जड वाटेल. पाच ते दहा वर्षांच्या मुलांना अर्धी, तीही डॉक्टरांना विचारून. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रोमेथॅझिन कधीच देऊ नये, श्वास मंदावण्याचा धोका असतो.

मेक्लिझिन २५ ते ५० मिलिग्रॅम, निघण्याच्या तासभर आधी. असर दिवसभर टिकतो आणि गुंगी तुलनेने कमी. बारा वर्षांवरच्यांसाठी. दिवसभर बसमध्ये बसून जायचं असेल तर मी हिच्याकडे झुकेन.

सिनारिझिन स्टुजेरॉन या नावाने मिळतं. ते एक-दोन तास आधी घ्यायचं. खलाशांमध्ये आणि बोटीच्या प्रवासाला पुष्कळ वापरलं जातं. पण चक्करेसाठी म्हणून महिनोन्महिने चालू ठेवण्याचं हे औषध नाही, विशेषतः म्हाताऱ्या माणसांत, कारण दीर्घकाळ घेतल्यास हाताला कंप सुटू शकतो. ज्यांना आधीच कंपवात आहे त्यांनी घेऊ नये.

डायमेनहायड्रिनेटची गंमत वेगळी आहे. १९४७ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये ते ॲलर्जीसाठी तपासलं जात होतं. अंगावर पित्त उठतं म्हणून औषध घेणाऱ्या एका गरोदर बाईच्या लक्षात आलं, की ट्राममध्ये बसल्यावर होणारी तिची मळमळ थांबली आहे. त्याच वर्षी डॉक्टरांनी हे औषध अटलांटिक ओलांडणाऱ्या लष्करी जहाजावर सैनिकांना देऊन पाहिलं आणि ते लागू पडलं. मोठ्यांना ५० ते १०० मिलिग्रॅम, अर्धा ते एक तास आधी. असर चार ते सहा तासच राहतो, म्हणून छोट्या घाटासाठी सोयीचं. मुलांना दोन वर्षांनंतर देता येतं, वजनावरून डॉक्टर मात्रा सांगतात.

परदेशात राहणाऱ्यांना कानामागे लावायची स्कोपोलामाइनची चकती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. निदान चार तास आधी लावायची, तीन दिवस चालते. क्रूझला जाणाऱ्या मोठ्या माणसांसाठी फार चांगली. लावल्यावर हात साबणाने धुवा. औषध डोळ्याला लागलं तर बाहुली मोठी होऊन अंधुक दिसतं.

आता सर्वांत जास्त होणारी गफलत. उलटीची म्हणून घरात असलेली ऑनडॅनसेट्रॉनची गोळी, मुलांसाठीचं त्याचंच सिरप, किंवा डोमपेरिडोन, हे लोक प्रवासाआधी घेतात. पोट बिघडल्यावर, तापात त्यांचा उपयोग होतो. पण गाडी लागण्याचा मार्ग कानाकडून मेंदूकडे जाणारा आहे आणि ऑनडॅनसेट्रॉन तो अडवत नाही. सर्दीची सेटिरिझिनही इथे चालत नाही. गोळी घेऊनही काही फरक पडला नाही असं कुणी म्हणालं की मी आधी पाकीट बघायला सांगतो. बरेचदा गोळीच वेगळी असते.

काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास, दमा, गरोदरपण, अंगावर पाजणं, झोपेच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असणं, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वरची कुठलीच गोळी नको. गोळी घेतलेल्याने गाडी चालवायची नाही आणि दारूला शिवायचं नाही. मुलाला पहिल्यांदाच द्यायची असेल तर डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा आधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरी देऊन बघा. काही मुलं या औषधांनी झोपण्याऐवजी उलट चेकाळतात, आणि ते आंबोलीच्या मध्यावर कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

सहावी पायरी: घरगुती उपाय

यांत आलं पहिलं. त्यावर अभ्यास झाले आहेत. काहींत फायदा दिसला, काहींत नाही. गोळीइतकं ते भरवशाचं नाही, पण गुंगी आणत नाही आणि बहुतेकांना सोसतं. साधारण ग्रॅमभर सुंठ किंवा त्या बेताने ताजं आलं अर्धा-एक तास आधी. आलेपाकाच्या दोन वड्या खिशात ठेवल्या तर मुलंही खातात. मात्र रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी विचारून घ्यावं, आणि मधुमेहींनी आलेपाकाऐवजी नुसत्या आल्याच्या चकत्या लिंबू-मीठ लावून न्याव्यात.

आवळासुपारी, आमसूल, लवंग, वेलदोडा यांनी तोंडाची चव सुधारते, मळमळीच्या सुरुवातीला सुटणारं पाणी कमी वाटतं. लिंबू हुंगल्याने डिझेलचा वास झाकला जातो. हे उपाय त्रास मुळापासून थांबवत नाहीत, पण काठावरच्या माणसाला घाट पार करायला मदत करतात, म्हणून मी ते टाकून देणार नाही. पोटावर किंवा सीटवर वर्तमानपत्र ठेवण्याला मात्र काही आधार नाही. तो कागद ओकारीच्या पिशवीखाली पसरायला ठेवा.

मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटं वर, दोन उभ्या कंडरांच्या (ताठ दोरीसारख्या लागणाऱ्या शिरांच्या) मधल्या जागी दाब देणारे पट्टे मिळतात. त्यांचा फायदा खात्रीने दाखवता आलेला नाही. हवं तर तीच जागा अंगठ्याने दाबून बघा, पैसे खर्च करू नका. त्यापेक्षा मोजून संथ श्वास घेणं बरं. लक्ष श्वासावर ठेवून सावकाश आत, सावकाश बाहेर. याने मळमळ लांबते हे पाहिलं गेलं आहे.

सुरू झालंच तर

ओकारी एकदम येत नाही. आधी जांभया येतात, बोलणं बंद होतं, ओठांभोवती रंग उतरतो, कपाळावर गार घाम येतो, तोंडाला पाणी सुटतं. मूल बडबड करता करता गप्प झालं की लगेच विचारा. याच टप्प्यावर खिडकी उघडा, गार हवा चेहऱ्यावर घ्या, जमलं तर गाडी सुरक्षित जागी थांबवून उतरा आणि पाच-दहा मिनिटं जमिनीवर उभे राहा. बसमध्ये असाल तर वाहकाला सांगायला लाजू नका, पुढे जागा असेल तर तो बसवतो. खिडकीतून डोकं बाहेर काढू नका. घाटात समोरून येणारी गाडी अगदी जवळून जाते. दोन-तीन पिशव्या, ओला रुमाल, चूळ भरायला पाणी आणि एक जादा सदरा हे सामानात तळाशी न ठेवता हाताशी ठेवा.

ओकून झालं की चूळ भरा, पंधरा मिनिटं काही घेऊ नका, मग चमच्याचमच्याने जलसंजीवनी किंवा लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. पोटाला लगेच चहा दिला तर ते परत उलटतं.

बोट असेल तर

गेटवेहून मांडव्याला लाँचने जायला साधारण तास लागतो. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी रो-रो, म्हणजे वाहनंही नेणारी बोट, मोठी असल्याने कमी डोलते. ज्यांना बोट लागते त्यांनी तीच घ्यावी. बोटीच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर हेलकावा सर्वांत कमी असतो, पण तिथून बाहेरचं दिसत नसेल तर उघड्यावर येऊन किनाऱ्याच्या रेषेकडे बघत राहणं चांगलं. अंदमानात श्रीविजयपुरमहून (पूर्वीचं पोर्ट ब्लेअर) स्वराजद्वीपला (पूर्वीचं हॅवलॉक) जाणाऱ्या बंद केबिनच्या बोटींत हा पर्याय नसतो, तिथे आधी घेतलेली गोळीच उपयोगी.

एक गोष्ट मालवण, तारकर्ली, दापोलीकडे जाणाऱ्यांनी आवर्जून लक्षात ठेवावी. चालती बोट त्यामानाने सुसह्य असते. डॉल्फिन बघायला किंवा स्कूबासाठी इंजिन बंद करून बोट उभी राहिली की ती लाटांवर आडवी डोलू लागते, आणि तेव्हाच माणसांना पटापट बोट लागते. म्हणून गोळीचा हिशोब निघण्याच्या वेळेवरून करा, धक्क्यावर पोचल्यावर घ्यायचा विचार करू नका. स्कूबा करणार असाल तर गुंगी आणणारी गोळी घेऊन पाण्याखाली जाऊ नका. डॉक्टरांशी आणि प्रशिक्षकाशी आधी बोला.

लांबच्या जलप्रवासात दोन-तीन दिवसांनी शरीर सरावतं. घाटाचंही तसंच आहे. वर्षातून एकदा गणपतीला जाणाऱ्याला दर वेळी लागते, रोज पाचगणी-वाई करणाऱ्याला नाही. मुलाला सवय करायची असेल तर महिनाभर आधीपासून छोट्या वळणावळणाच्या फेऱ्या करा, मळमळ सुरू व्हायच्या आत थांबून.

डॉक्टरांकडे कधी जायचं

प्रवास संपून दोन-तीन दिवस झाले तरी जमीन हलल्यासारखी वाटत असेल, घरी बसल्या बसल्या गरगरत असेल, एका कानाने कमी ऐकू येत असेल किंवा कानात शिट्टी वाजत असेल, तर ते नुसतं गाडी लागणं नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. जोराची डोकेदुखी, दुहेरी दिसणं, बोलताना जीभ जड होणं, एका बाजूचा हातपाय लुळा वाटणं, यातलं काही असेल तर थेट रुग्णालय गाठा. प्रवासानंतर मूल सहा-आठ तास लघवीला गेलं नसेल आणि पाणीही पोटात ठरत नसेल, तर रात्र काढू नका, तेव्हाच दाखवा.

परतीच्या गोळ्या निघतानाच मोजून घ्या. गावातलं औषधाचं दुकान सकाळच्या पहिल्या एसटीच्या वेळी उघडलेलं नसतं.